टेनिस एल्बो आणि मसाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोपर धरून येणारी माणसं बहुतेक वेळा पहिला प्रश्न एकच विचारतात, "मालिश केली की जाईल ना?" पिशवीत कुठल्या तरी तेलाची बाटली असते आणि तोवर घरातल्या कुणीतरी कोपर चोळून लाल केलेलं असतं. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. घरी मसाज कसा करायचा हे उत्तर लांबलंय, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

मी जन्मात टेनिसची रॅकेट हातात धरली नाही. मग मला टेनिस एल्बो कसा?

या दुखण्याचं पहिलं वर्णन १८७३ मध्ये रुंगे नावाच्या एका जर्मन डॉक्टरने केलं, आणि ते लिहिणाऱ्यांच्या हाताबद्दल होतं. पुढे इंग्लंडमध्ये लॉन टेनिसचं खूळ वाढलं. १८८२ मध्ये मॉरिस या डॉक्टरने 'लॉन टेनिस आर्म' असा शब्द वापरला आणि टेनिसचं नाव चिकटलं ते कायमचं. तेव्हा रॅकेटचा दोष तसा कमीच.

माझ्याकडे टेनिस खेळणारे क्वचित येतात. येतात ते दोन वेळच्या पोळ्या लाटणाऱ्या, चादरी हाताने पिळणाऱ्या, रंधा मारणारे सुतार, दिवसभर पाना फिरवणारे प्लंबर, माउस धरून बसणारे, आणि महिनाभर काही न करता एका रविवारी सलग तीन तास बॅडमिंटन खेळणारे. साधारण ३५ ते ५५ या वयात हे जास्त दिसतं. शंभर प्रौढांमागे एक ते तिघांना होतं, बायका आणि पुरुष दोघांनाही जवळपास सारखंच, आणि बहुधा ज्या हाताने जेवतो त्याच हाताला.

दुखतं नेमकं काय?

हात टेबलावर पालथा ठेवा आणि दुसऱ्या हाताने कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाडाचं टेंगूळ शोधा. मनगट वर उचलणारे बरेचसे स्नायू त्या एका छोट्याशा जागेतून निघतात. स्नायू हाडाला बांधणारी जी दोरी असते ती टेंडन. या सगळ्यांत बहुतेक वेळा कुरकुरतो तो एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस. नाव भलतं लांब, आणि त्यातल्या 'ब्रेव्हिस'चा अर्थ 'आखूड'!

आता घट्ट मूठ वळा आणि मनगटाकडे बघा. ते आपोआप किंचित वर उचललं जातं. काहीही पकडायचं तर मनगट त्या स्थितीत धरून ठेवावं लागतं, आणि ते काम याच स्नायूकडे असतं. म्हणून कप उचलणं, दाराची मूठ फिरवणं, हस्तांदोलन करणं, दुधाची पिशवी तळवा खाली ठेवून उचलणं अशी वरवर हलकी वाटणारी कामंच जास्त कळ आणतात.

म्हणजे तिथे सूज आहे का? सूज उतरली की बरं होईल?

याचं डॉक्टरी नाव लॅटरल एपिकॉन्डिलायटिस. त्यातल्या 'आयटिस'चा अर्थ सूज, त्यामुळे अनेक वर्षं डॉक्टरही तसंच समजत होते. ऑपरेशनमध्ये काढलेला टेंडनचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर सुजेच्या पेशी फारशा दिसत नाहीत. दिसतात ते विस्कटलेले तंतू आणि नको तिथे फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. सुंभाचे पीळ सुटून तो फुसफुशीत व्हावा तसं. मसाजने 'वितळवायचं' असं तिथे काही साचलेलं नसतं. हे एकदा लक्षात आलं की जोरजोरात चोळण्याचा मोह थोडा कमी होतो.

हा टेनिस एल्बोच आहे हे घरी कसं कळेल?

पक्कं निदान तपासूनच होतं, पण अंदाज घेता येतो. हात कोपरात सरळ ठेवून, तळवा खाली करून, हलकी खुर्ची पाठीला धरून उचलून बघा. किंवा हात सरळ ठेवून मधलं बोट वर उचला आणि दुसऱ्या हाताने ते खाली दाबायचा प्रयत्न करा. बाहेरच्या टेंगळापाशी नेमकी कळ आली तर संशय बळावतो. टेंगळावर, किंवा त्याच्या बोटभर पुढे, दाबल्यावरही दुखतं.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर तो गोल्फर्स एल्बो. करंगळीत मुंग्या येत असतील तर वेगळ्या नसेचं प्रकरण असू शकतं. मान वळवल्यावर हातात कळ उतरत असेल, अंगठ्याकडे बधिरपणा असेल, तर दुखण्याचं मूळ मानेत असू शकतं आणि कोपर महिनाभर चोळूनही काही हाती लागणार नाही. मनगट वर उचलताच येत नसेल, कोपर पडल्यावर किंवा आपटल्यावर दुखायला लागलं असेल, सांधा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा ताप असेल, तर आधी डॉक्टर गाठा.

मुख्य प्रश्न : मसाजने टेनिस एल्बो बरा होतो का?

दुखणं हलकं होतं. नुसत्या मसाजने टेंडन बरा होत नाही.

हे वाक्य ऐकून लोक हिरमुसतात, म्हणून थोडं खोलात जाते. मसाजने आखडलेले हाताचे स्नायू सैल पडतात, त्या भागाची दुखण्याबद्दलची संवेदनशीलता काही वेळ उतरते आणि पकड थोडी सुधारते. कधी हा परिणाम तासाभराचा असतो, कधी दिवसभराचा. टेंडनचे विस्कटलेले तंतू मात्र पुन्हा नीट बांधले जातात ते त्यांच्यावर बेताबेताने वाढवलेल्या भाराने, म्हणजे व्यायामाने. आमच्याकडे मसाज वापरतो तो व्यायाम करण्याइतका हात सोडवून घ्यायला. मसाज झाल्यावर मिळालेला दुखणं-कमी असलेला तास ज्यांनी व्यायामात घालवला त्यांचा हात सुधारतो. ज्यांनी त्याच तासात राहिलेलं धुणं पिळून घेतलं ते पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच असतात.

अभ्यासांचं म्हणाल तर, टेंडनवरच्या खोल आडव्या मसाजबद्दलचे प्रयोग तपासणारा, कोक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेचा आढावा २०१४ मध्ये आला. त्यात निकषांत बसणारे प्रयोग दोनच सापडले, दोन्ही मिळून ५७ रुग्ण, आणि त्यातला एक तर गुडघ्याचा. निष्कर्ष असा की उपयोग होतो किंवा होत नाही, दोन्ही ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. 'आमच्या मसाजने शंभर टक्के गुण' अशी पाटी कुठे दिसली तर हा आकडा आठवा.

मग मसाज केलाच नाही तर?

बहुतेकांचा टेनिस एल्बो वर्ष-दीड वर्षात आपोआपही शमतो. प्रश्न तेवढे महिने कसे काढायचे हा असतो. मसाज त्या महिन्यांत सोबतीला बरा.

घरी मसाज कसा करायचा? नीट सांगा.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. जिथे दुखतं त्या हाडाच्या टेंगळावरच लोक अंगठा रोवतात. तिथे स्नायू जवळजवळ नाहीच, कातडीखाली टेंडन आणि त्याखाली हाड. आधीच चिडलेला टेंडन हाडावर रगडला की दुसऱ्या दिवशी ठणका ठरलेला. घरगुती मसाज टेंगळाच्या खाली, मनगटाच्या दिशेने, स्नायूच्या मांसल भागावर करायचा.

खुर्चीत बसा. पुढ्यातल्या टेबलावर उशी ठेवा आणि दुखरा हात कोपरात वाकवून, तळवा खाली करून उशीवर सैल सोडा. खांदा उचललेला नको. थेंबभर तेल पुरे. आता टेंगळापासून तीन-चार बोटं खाली दुसऱ्या हाताची बोटं ठेवा आणि दुखऱ्या हाताचं मधलं बोट वरखाली हलवा. बोटांखाली काहीतरी सरकताना जाणवेल. तोच तुमचा मसाजचा पट्टा.

पहिली दोन-तीन मिनिटं तळहाताने मनगटाकडून कोपराकडे लांब, सावकाश फटके द्या. 'फटके' हा आमचा शब्द, मारायचं काही नाही. लोणी हाताने पसरवावं इतपत दाब. हात कोमट वाटू लागला की अंगठ्याने किंवा मुठीच्या पेरांनी तो पट्टा मळा. कणीक मळतो तसंच, पण भाकरीच्या पिठासारखं जोर लावून रगडायचं नाही. मळताना एखादी जागा दोरीच्या गाठीसारखी कडक लागेल आणि दाबल्यावर कळ कोपराकडे किंवा मनगटाकडे धावेल. तिथे थांबा. वीस-तीस सेकंद एकसारखा दाब ठेवा आणि श्वास सोडत राहा. कळ उतरू लागली तर बरोबर चाललंय. वाढत गेली तर दाब जास्त झालाय.

यानंतरचा प्रकार मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटतो. हात टेबलाच्या कडेवर असा ठेवा की मनगट बाहेर लोंबेल. मनगट थोडं वर उचला, त्या पट्ट्यावर अंगठा दाबून धरा आणि अंगठा न हलवता मनगट सावकाश खाली सोडा. अंगठ्याखालून स्नायू ताणला जातोय हे कळतं. सोडा, वर उचला, अंगठा बोटभर पुढे सरकवा, पुन्हा तेच. असं आठ-दहा वेळा.

शेवटी अंगठ्याच्या बाजूचा, कोपरापाशी गुबगुबीत दिसणारा स्नायू आणि दंडाची मागची बाजू हलकेच मळून घ्या. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं. दिवसातून एकदा, फार तर दोनदा.

दोन जागा टाळा. कोपराच्या आतल्या बाजूची खाच, जिथे आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथे दाबू नका. आणि कोपरापासून चार बोटं खाली अंगठ्याच्या बाजूला दाबल्यावर हाताच्या पाठीवर मुंग्या आल्या तर बोटं बाजूला घ्या, तिथून नस जाते.

एक राहिलंच. डाव्या अंगठ्याने रोज उजवा हात मळून डावा अंगठा दुखायला लागलेले लोकही माझ्याकडे येतात. पेरं वापरा, तळहाताची टाच वापरा, घरच्यांना शिकवा.

फिजिओथेरपिस्ट बोटाने आडवं-आडवं घासतात, तो प्रकार काय?

त्याला डीप ट्रान्सव्हर्स फ्रिक्शन म्हणतात, आणि तो आमच्या अभ्यासक्रमात आला तो लंडनचे डॉक्टर जेम्स सिरियाक्स यांच्यामुळे (१९०४–१९८५). कोपर काटकोनात, तळवा वर, बोटाचं टोक नेमकं टेंडन हाडाला चिकटतो त्या जागेवर, आणि तंतूंच्या दिशेला आडवं घर्षण. यात तेल लावत नाहीत, कारण बोट कातडीवरून घसरायला नको. बोट आणि कातडी मिळून आतल्या टेंडनवर सरकली पाहिजेत. पहिली एक-दोन मिनिटं चांगलंच झोंबतं, मग जागा बधिर होते आणि उरलेली मिनिटं सुसह्य जातात. साधारण दहा मिनिटं, एक दिवस आड, असं ते चालतं.

हाच तो टेंगळावरचा मसाज जो मी घरी करू नका म्हणते. जागा दोन-तीन मिलिमीटरने चुकली तरी नुसतं हाड घासलं जातं. कुणाला करावा आणि कुणाला नाही हेही तपासून ठरवावं लागतं. मी स्वतः सरसकट सगळ्यांना करत नाही.

कोणतं तेल चांगलं?

घरात असेल ते. तिळाचं, खोबरेल, नारायण तेल, मोहरीचं, काहीही. तेलाचं काम हात सहज फिरावा इतकंच, असं मी मानते. ते आत मुरून टेंडनपर्यंत जातं याची हमी मी देणार नाही. आजीला नारायण तेलाचा वास आल्याशिवाय मसाज झाल्यासारखं वाटत नसेल तर तेच घ्या, त्या वासानेही खांदे सैल पडतात. कातडीला खाज किंवा पुरळ येत असेल तर मात्र बदला.

वेदनाशामक जेल हे मसाजचं तेल नव्हे. ते ठरलेल्या प्रमाणात हलकेच पसरवायचं. झोंबणारा बाम किंवा जेल लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, कातडी भाजलेली मी पाहिली आहे.

दुखलं म्हणजे असर होतोय, हे खरं का?

नाही. 'सहन कर, आतून निघतंय' हे वाक्य ऐकत मोठे झालो आपण, पण कोपराला ते लागू नाही. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य असं धरलं तर मसाज करताना तीन-चारपर्यंतची, हवीहवीशी वाटणारी कळ चालते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर हात आदल्या दिवसापेक्षा जास्त ठणकत असेल किंवा निळा डाग पडला असेल तर दाब निम्म्यावर आणा.

शेक घ्यावा की बर्फ?

मसाजच्या आधी दहा मिनिटं कोमट शेक घेतला तर स्नायू लवकर सैल पडतात. जास्त काम झाल्याने हात पेटलाय असं वाटत असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. टेंडन बरा करण्याची ताकद दोहोंत नाही, तुम्हाला ज्याने बरं वाटतं ते करा. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झाली असेल तर गरम आणि थंड दोन्ही जपून.

गावात एक नावाजलेले मालिशवाले आहेत. त्यांच्याकडे जाऊ का?

आधी सांगा, कोपर पडल्यामुळे दुखतंय का? असेल तर मुळीच जाऊ नका, आधी एक्स-रे. मार लागलेल्या कोपराला जोरात चोळलं, ओढलं, तर स्नायूतच हाड तयार होऊ शकतं. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात, आणि कोपर यासाठी कुप्रसिद्ध आहे. सांध्याजवळ फ्रॅक्चर, मग चोळणं, मग कायमचा अर्धवट वाकलेला हात, हा क्रम आपल्याकडचे अस्थिरोगतज्ज्ञ पुन्हा पुन्हा पाहतात. मुलांच्या बाबतीत तर फारच.

मार नसेल, निदान झालेलं असेल आणि मालिशवाल्यांचा हात मऊ असेल, तर स्नायूंची मालिश करून घ्यायला हरकत नाही. कोपराला 'कटकन' झटका द्यायला निघाले की उठून यायचं.

कुणी मसाज करू नये?

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी विचारल्याशिवाय खोल मसाज करू नये. डायलिसिससाठी ज्या हातात फिस्टुला (शीर आणि धमनी यांचा जोड) केलाय त्या हाताला तर अजिबात नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर त्या बाजूच्या हाताला सूज असेल तर त्यासाठी वेगळं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती लागते. जखम, गळू, त्वचेचा संसर्ग, हातातल्या शिरेत गुठळी, संधिवाताने सांधा पेटलेला असणं, या सगळ्यांत मसाज थांबवायचा. कोपरात नुकतंच स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्या जागेला काही दिवस हात लावू नका. किती दिवस, ते इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

मसाज गन घेतलीय. चालेल?

स्नायूवर, सगळ्यात कमी वेगावर, एक-दोन मिनिटं चालेल. हाडावर नाही. लाटण्याने हात लाटणारेही असतात, त्यांनाही हेच उत्तर. टेनिसचा चेंडू टेबल आणि हाताच्या मध्ये ठेवून फिरवणं मला जास्त आवडतं. टेनिसने दिलेलं नाव टेनिसनेच थोडं फेडल्यासारखं होतं.

मसाजनंतर कोणता व्यायाम करायचा?

हात फार दुखत असेल तर सुरुवात हालचालीशिवाय. हात टेबलावर, तळवा खाली, मूठ सैल. दुसरा हात त्या मुठीवर ठेवून दाबा आणि मूठ वर उचलायचा प्रयत्न करा, पण हलू देऊ नका. तीस ते पंचेचाळीस सेकंद धरा, मिनिटभर सोडा, असं चार-पाच वेळा. अनेकांना हे करतानाच दुखणं उतरतं.

एक-दोन आठवड्यांत ते सोपं वाटू लागलं की पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घ्या, ती झाली अर्धा किलो. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली. दुसऱ्या हाताच्या मदतीने बाटली वर न्या, मदत सोडा, आणि चार-पाच आकडे मोजत सावकाश खाली येऊ द्या. खाली येतानाचं हे सावकाश उतरणंच टेंडनला हवं असतं. दहा ते पंधरा वेळा, असे तीन फेरे, एक दिवस आड. थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवसापर्यंत शांत झालं पाहिजे. वजन दर एक-दोन आठवड्यांनी थोडं वाढवायचं, आणि किमान सहा ते बारा आठवडे चिकाटी ठेवायची. लोक तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं की सोडतात, आणि मग दुखणं 'परत आलं' म्हणतात. ते गेलेलंच नसतं.

खांदा आणि पाठीच्या वरच्या भागाचे व्यायामही लागतात. ते माणूस बघून ठरवतो.

कोपराचा पट्टा लावू का?

काम करताना लावा, झोपताना काढा. टेंगळावर बांधू नका, त्याच्या दोन-तीन बोटं खाली बांधा. बोटांना मुंग्या आल्या तर सैल करा. लावून उपयोग वाटत नसेल तर ठेवून द्या, हट्ट नको.

इंजेक्शन घेऊन एकदाचं मोकळं व्हावं का?

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने आठ-दहा दिवसांत खूप बरं वाटतं, म्हणूनच ते इतकं लोकप्रिय आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात १९८ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन गट होते : इंजेक्शन, फिजिओथेरपी, आणि सल्ला देऊन नुसती वाट पाहणं. सहाव्या आठवड्यात इंजेक्शनवाले सगळ्यांच्या पुढे. पण इंजेक्शनने बरं वाटलेल्यांपैकी ७२ टक्क्यांचं दुखणं नंतर उलटलं आणि वर्षाअखेर ते बाकी दोन गटांच्या मागे पडले. त्या फिजिओथेरपीत व्यायामाबरोबर हाताने सांधा हलवण्याचं एक तंत्रही होतं. निर्णय डॉक्टरांबरोबर घ्या, पण हे माहीत असून घ्या. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन), शॉकवेव्ह (यंत्राने दिलेले ध्वनिलहरींचे धक्के), सुया टोचणं हे पर्याय महिनोन्महिने व्यायाम करून अडलेल्यांसाठी, पहिल्या महिन्यात त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

सचिनला तर ऑपरेशन करावं लागलं होतं. मलाही लागेल का?

टेनिस एल्बो हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरात पोचला तो २००४ मध्ये, सचिन तेंडुलकरमुळे. त्याचा डावा कोपर दुखत होता. उजव्या हाताने फलंदाजी करणाऱ्याचा डावा हात बॅटच्या मुठीवर वरच्या बाजूला असतो, आणि त्याची बॅट जड असायची. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटी हुकल्या, तिसऱ्या कसोटीत तो नागपूरला परतला, पण दुखणं सुटेना. मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा नागपूर, श्रीलंकेविरुद्ध एकदिवसीय सामना, ९३ धावा. डिसेंबरमध्ये दिल्लीला पस्तिसावं कसोटी शतक.

पण त्याच्या हातावरचा भार आणि तुमच्या-माझ्या हातावरचा भार यांची तुलना नाही. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. सहा महिने ते वर्षभर नीट उपचार करूनही हात कामाचा राहिला नाही तरच त्याचा विचार होतो.

घरकाम थांबवता येत नाही. मग काय करू?

थांबवू नका, पद्धत बदला. तळवा खाली ठेवून उचलायची सवय मोडा. पातेलं, पिशवी, बादली, तळवा वर किंवा आत वळवून आणि कोपर अंगाजवळ ठेवून उचला, भार दुसऱ्या स्नायूंवर जातो. कपडे पिळायचे तर नळाभोवती गुंडाळून दोन्ही हातांनी एकाच दिशेने ओढा, किंवा तसेच निथळत टाका. विळीवर नारळ खोवणं काही आठवडे दुसऱ्याकडे. भरलेली कढई सांडशीने एका हाताने उचलणं बंद.

पोळ्यांचं म्हणाल तर पोळपाट बहुधा फार उंच असतो. ओट्यापेक्षा खाली, जेवणाच्या टेबलावर लाटून बघा. उंची कमी झाली की मनगट कमी मुडपतं आणि अंगाचा भार लाटण्यावर येतो. कणीक थोडी सैल मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. लाटणं मुठीत आवळू नका, तळव्याखाली फिरू द्या. एका काकूंना मी व्यायाम, मसाज सगळं दिलं, महिनाभर फरक नव्हता. मग त्यांना क्लिनिकमध्ये पेन लाटण्यासारखं धरून दाखवायला सांगितलं, तर अंगठ्याचं पेर पांढरं पडेपर्यंत आवळलेलं! गेली तीस वर्षं त्या असंच लाटत होत्या. पकड सुटल्यावर व्यायामालाही गुण आला.

पुन्हा पहिल्यासारखं कधी लाटता येईल?

भरलेला तांब्या तळवा खाली ठेवून, हात सरळ करून, कळ न येता उचलता आला की सुरुवात करा. पहिल्या दिवशी पाच पोळ्या. दुसऱ्या सकाळी हात शांत असेल तर दोन दिवसांनी सात, मग नऊ. मधे एखादा दिवस ठणकलं तर एक पायरी मागे, घाबरून थांबायचं कारण नाही. लाटून झाल्यावर पाच मिनिटं तो तळहाताचा लांब मसाज करून घ्या. आणि त्याच आठवड्यात होळी आली तर पुरणपोळ्या विकत आणा.